अक्काच्या क्लासातले दाजी

आमच्या दाजींइतका नव्या वस्तूवर जीव ओवाळून टाकणारा माणूस गोदावरीपासून भीमेपर्यंतच्या मुलखात दुसरा झाला नसेल. बाकीची माणसं नवी वस्तू घरात आली की जुनी माळ्यावर टाकतात, अडीनडीला असू द्यावी म्हणून. दाजींना तेवढाही धीर नसे. ते जुनीचा पाणउतारा करून तिला घराबाहेर काढत. लग्नात आमच्या वडिलांनी दिलेलं चावीचं घड्याळ त्यांनी सेलची घड्याळं बाजारात आली त्याच आठवड्यात देऊन टाकलं आणि वर वडिलांनाच म्हणाले, "मामा, रोज कान पिळल्याशिवाय चालत नाही ते घड्याळ कसलं? ते तर आमच्या वर्गातलं पोरगं." घरी गॅस आला त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः पहार घेऊन चूल फोडली. पुढे सिलिंडर संपलं आणि नवं यायला उशीर झाला, तेव्हा नवरा-बायको भिजवलेल्या पोह्यांवर राहिले. पण शेजारणीची चूल मागायला दाजींनी अक्काला जाऊ दिलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावचे. दिवाळीचे दिवे विझले की तिकडची निम्मी माणसं कोयते बांधून ऊस तोडायला खाली उतरतात. दाजींचे आईवडील त्यांतलेच, आणि दाजींचं लहानपण आमच्या श्रीगोंद्याकडच्या फडांत पाचटाच्या खोपीत गेलेलं. दरवर्षी तीच बैलगाडी, तीच खोप, तीच थंडी. ते फारसं बोलत नसत त्याबद्दल. एकदाच, मी त्यांना "जुन्याचा एवढा राग का हो?" असं विचारलं, तेव्हा म्हणाले, "जुनं म्हंजे पाचट, पाव्हणं. त्याच्यात झोपून बगा एकदा. पेटवून द्यायचं आन् फुडं चालायचं." एरवी ते शुद्ध, छापील मराठी बोलत, टायपिंगच्या परीक्षा देऊन देऊन त्यांच्या बोलण्यालाही समास सोडल्यासारखी शिस्त आली होती. मात्र राग आला किंवा आनंद झाला की तिसगाव वर येई.

श्रीरामपुरात येऊन त्यांनी आधी टायपिंगची इन्स्टिट्यूट काढली. बी-बियाण्यांच्या दुकानावरचा मजला, पुढच्या दोन खोल्यांत क्लास, मागच्या दोन खोल्यांत संसार. पुढे रस्त्याकडून एक जिना, मागे बोळातून दुसरा. खालच्या दुकानातल्या कीटकनाशकांचा वास जिन्याने वर येई आणि क्लासात घर करून राही. मूलबाळ त्यांना झालं नाही. मशिनांची खटखट दिवसभर चाले तेवढाच काय तो घरात आवाज. मग एके दिवशी दाजींनी सगळे टाइपरायटर मोडीत घातले आणि एक कॉम्प्युटर आणला. गावात त्याची वार्ता झाली. दारावर पाटी लागली : चपला बाहेर काढाव्यात. धूळ आत गेली की मशीन आजारी पडतं, असं दाजी सांगत. बेलापूर खुर्दकडून, टाकळीकडून आलेली शेतकऱ्यांची पोरं देवळात शिरावं तशी पाय पुसून आत येत, आणि त्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटताना बघून हात जोडायचंच तेवढं बाकी ठेवत.

तो डॉसचा जमाना. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक आडवी रेघ. काय हवं ते लिहून मागायचं. एक अक्षर चुकलं तर मशीन तोंड फिरवून बसणार. दाजींचं सगळं तोंडपाठ. डोळे मिटून दहा बोटांनी हुकूम सोडत. मग एकदा ते पुण्याला गेले आणि एसटीच्या गर्दीत फ्लॉप्यांचा डबा मांडीवर धरून परत आले. क्लासात पोरं बसलेली. त्यांनी एकेक फ्लॉपी घातली, शेवटी तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली, विन, आणि पडद्यावर रंग उतरले. चौकटीत चौकट, चौकटीत चित्रं. एका चित्रात शाईची दौत, एकात घड्याळ. त्याला प्रोग्रॅम मॅनेजर म्हणतात असं दाजींनी सांगितलं. चौकट मिटली की ती चित्र होऊन पडद्याच्या तळाशी जाऊन बसे, तव्यावरून उतरलेली भाकर टोपल्यात जावी तशी. दाजी उठून उभे राहिले. "आजपासून डॉस बंद," ते म्हणाले. ज्या पोरांचा निम्मा कोर्स झाला होता, पाठ केलेले हुकूम ज्यांच्या तोंडात होते, ती एकमेकांकडे बघत राहिली. टाकळीच्या एका मुलाने भीत भीत विचारलं, "सर, मग आमी आतापर्यंत शिकलो ते?" दाजी म्हणाले, "पेटवून द्या."

पण या नव्या विंडोजमध्ये एक अडचण होती, ती म्हणजे माउस. ज्यांची दहा बोटं कीबोर्डवर वाऱ्यासारखी फिरत त्या दाजींना तो वाटीएवढा माउस काही केल्या वश होईना. ते तो दोन्ही हातांनी धरत. टेबलाच्या कडेपर्यंत नेत आणि ओरडत, "आता टेबल संपलं की!" बाण पडद्याच्या एका कोपऱ्यात, चित्र दुसऱ्या कोपऱ्यात, आणि दाजी घामाघूम. अक्का तेव्हा क्लासात केवळ पुसापुशीला येई. ती दारात उभी राहून बघत होती. मी त्या वेळी कारखान्यात नोकरीला लागण्याआधी थोडे दिवस त्यांच्याकडे राहत होतो, म्हणून हे मला डोळ्यांनी बघायला मिळालं. अक्काने पदराला हात पुसले, पुढे आली आणि म्हणाली, "सरका जरा." तिने माउसवर हात ठेवला आणि बाण गेला सरळ, दौतीच्या चित्रावर.

"मनगट सैल सोडा," ती म्हणाली. "पोळी लाटताना जोर लावला की पोळी फाटते. तसंच आहे हे. आणि दोनदा टिचकी मारायची ती एका दमात. परक्या माणसासारखं थांबून थांबून दार वाजवू नका. घरचं माणूस कडी वाजवतं ना, तशी मारा."

दाजी शिकले. त्या विंडोजबरोबर पत्त्यांचा एक खेळ आलेला होता. पत्ता उचलायचा, धरून ठेवायचा, दुसऱ्या पत्त्यावर नेऊन सोडायचा. अक्काने त्यांच्याकडून तो इतक्या वेळा घोटून घेतला की आठवड्यात त्यांचा हात बसला. नेमके त्याच सुमारास आमचे वडील लेकीला भेटायला आले. वडील माळकरी; घरात कोणी पत्त्यांचं नाव काढलं तरी उंबऱ्याबाहेर उभं करत. ते चपला काढून क्लासात शिरले, तर लेक-जावई शेजारी शेजारी बसून भर दुपारी पत्ते खेळताहेत. वडिलांचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. दाजी शांतपणे म्हणाले, "मामा, गैरसमज नको. हा अभ्यासक्रम आहे. बदामाची राणी मला अजून उचलता येत नाही."

त्या दिवसापासून क्लास दोघांचा झाला. मशीनंही एकेक करून वाढली; कीबोर्ड दाजींचा, माउस अक्काचा. दहावीपर्यंत शिकलेली माझी बहीण, मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबायांना, साखर कारखान्यातल्या कारकुनांना, लग्न ठरलेल्या मुलींना माउस शिकवू लागली. सकाळी ती सगळे माउस उलटे करून त्यांतले रबरी गोळे काढी, आतल्या चाकांवरचा मळ केसांतल्या पिनेने खरवडी. पोरं ते गोळे खेळायला पळवत, म्हणून क्लास सुटताना दाजी जिन्यात उभे राहून एकेकाचे खिसे चाचपत. मुलींचे खिसे कसे चाचपायचे हा प्रश्न पडला तेव्हा गोळेच डब्यात काढून ठेवायची पद्धत त्यांनी सुरू केली.

पुढे पंच्याण्णवची विंडोज आली. खाली पट्टी, पट्टीच्या डाव्या टोकाला स्टार्टचं बटन. आधी चौकट बंद करायला वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या डबीवर दोनदा टिचकी मारावी लागे. आता उजव्या कोपऱ्यात फुलीच आली. खोडलेलं परत काढता यावं म्हणून कचऱ्याची टोपली आली. आधी फाइलीला आठ अक्षरांचं नाव द्यावं लागे, त्यात पोरांची आडनावं मावत नसत, आता वाक्यच्या वाक्य लिहिता येऊ लागलं, तेव्हा एका कारकुनाने "मा. चेअरमनसाहेब यांना दिलेला अर्ज पण अजून उत्तर नाही" एवढं नाव दिलं आणि दाजींनी त्याला सगळ्यांपुढे शाबासकी दिली. मशीन बंद करताना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं येत, आता बंद केलंत तरी चालेल अशी. ती दिसेपर्यंत दाजी कोणाला हलू देत नसत. म्हणत, "मोठं माणूस जेवून उठेपर्यंत थांबतो ना आपण?"

दाजींना नव्याचा आनंद, अक्काला मात्र दर खेपेला धास्ती. "अहो, आत्ता कुठं हाताला वळण लागलं होतं," ती म्हणे. एकदा तिने विनवलं की कोपऱ्यातल्या एका मशीनवर तरी जुनी राहू द्या, मी तिच्यावर शिकले. दाजींनी ऐकलं नाही. त्याच दुपारी सगळी मशीनं पुसून नवी विंडोज घातली. मग अठ्ठ्याण्णवची आली. मग ती हिरव्या टेकडीची, जिच्या निळ्या पट्ट्या बघून अक्का म्हणाली, बेकरीतला वाढदिवसाचा केक दिसतोय. मग काचेसारख्या चौकटींची, जी आमच्या मशीनांना पेलेना. दर वेळी दारं-खिडक्या इकडच्या तिकडे होत. दाजी पहिल्याच दिवशी नव्या घरात भरधाव फिरत आणि अक्का त्यांच्यामागून भिंत चाचपडत जाई. तरी जाई. महिन्याभरात तिचा हात बसे आणि ती पुन्हा नव्या मुलींना शिकवू लागे.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे. एके काळी सोयऱ्यांत बसून मी याच गोष्टी सांगायचो आणि माणसं पोट धरून हसायची. आता सोयऱ्यांत मी त्या अर्ध्यावरच सोडतो, कारण पुढचं मला माहीत आहे.

आजार कधी सुरू झाला ते कोणालाच कळलं नाही. एका मुलीने मला नंतर सांगितलं की मॅडम अलीकडे चौकट डाव्या कोपऱ्यातून बंद करायला सांगायच्या. फुली उजवीकडे डोळ्यांपुढे असताना त्या म्हणायच्या, "वर डावीकडे जा, डबीवर दोनदा टिचकी मार." गंमत अशी, की नव्या विंडोजमध्येही त्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली की चौकट बंद होतेच. ती वाट कोणी बुजवलेली नव्हती. मुलींना वाटलं, मॅडम काहीतरी गुपित शिकवताहेत. त्या वह्यांत उतरवून घेत. अक्का मागे मागे चालली होती आणि क्लास तिच्या हुशारीचं कौतुक करत होता.

त्यानंतर ती विंडोज आली जिच्यात स्टार्टचं बटनच नव्हतं. पडदा उघडला की रंगीत फरशाच फरशा. साऱ्या श्रीरामपुरात गोंधळ उडाला. जुने विद्यार्थी फोन करून विचारत, "सर, बटन कुठं गेलं?" दाजी खुशीत. "गेलं! बटनाचं कामच काय?" अक्का मशीनपुढे बसून रडली. दाजींना वाटलं, नव्याची धास्ती. मलाही तसंच वाटलं. साऱ्या गावालाच काही सापडत नव्हतं, त्यात एकट्या अक्काचं हरवणं कोणाला वेगळं दिसलं नाही.

मग एका शुक्रवारी ती बाजाराला गेली ती परत आली नाही. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला स्टेशनवर सापडली. स्टेशन श्रीरामपूरचंच, पाटीवर नाव मात्र शेजारच्या बेलापूरचं. ती बाकावर बसून होती, पिशवीत भाजी नव्हती, आणि दाजींना बघून म्हणाली, "हे श्रीरामपूर नाही हो. पाटी बघा." ती पाटी बघत तिची उभी हयात गेली होती. मी आणि दाजींनी तिला नगरला नेलं; डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, उजेडाकडे धरून दाखवले. मेंदू आकसत चाललाय, म्हणाले. आत्ताचं आधी जाईल, जुनं मागाहून. औषधाने चाल थोडी मंदावेल, एवढंच.

दाजींनी ऐकून घेतलं आणि परतीच्या एसटीत मला म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय? शिकवल्यावर येत न्हाई असं कुठं असतं का, पाव्हणं?"

आणि ते तिला शिकवू लागले. रोज सकाळी चहा झाला की क्लासातल्या पहिल्या मशीनवर तिला बसवायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. हा पडदा. ही फरशी. इथे बोट. आयुष्यभर मठ्ठातल्या मठ्ठ पोराला त्यांनी शिकवून सोडलं होतं. बायकोपाशी हार मानतील तर ते दाजी कसले. तिचं सारं जगणंच त्यांनी अभ्यासक्रमाला लावलं. भिंतीवर कागद चिकटवले : हे स्वयंपाकघर. ही मोरी. हे मी. "हे मी" लिहिलेला कागद त्यांनी स्वतःच्या शर्टाला टाचणीने लावला होता. मी गेलो तेव्हा तो बघून मला हसू आलं आणि मग जेवण गेलं नाही.

शिकवताना त्यांचा आवाज चढे. "काल सांगितलं होतं ना?" काल तिच्यापाशी नव्हताच. ती घाबरून भलतीकडेच बोट लावी. ते टेबलावर हात आपटत. मी एकदा मध्ये पडलो तर माझ्यावरच उखडले, "तुमी गप ऱ्हावा. लाड करून माणूस शिकत न्हाई." क्लासाला येणारी पोरं तो आवाज जिन्यातून ऐकत आणि खालच्या खाली परत जात. दुकानदार वर बघून मान हलवी. हळूहळू मुली यायच्या बंद झाल्या. क्लास रिकामा आणि त्यात ही दोघं, एक शिकवणारा आणि एक रडणारी.

मी पुढच्या वेळी गेलो तो दिवस मला विसरता येणार नाही. दाजी विचारत होते, "हे काय आहे? सांग. हे काय आहे?"  त्यांनी पट्टी टेबलावर मारली, तिच्यावर नव्हे, टेबलावर. अक्काने पदर डोक्यावर ओढून घेतला, दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "मारू नका सर. मी उद्या पाठ करून येते." तिच्या खुर्चीखाली फरशी ओली झाली.

 दाजी पट्टी खाली ठेवून मोरीकडे गेले, फडकं घेऊन आले आणि गुडघ्यांवर बसून फरशी पुसू लागले. मी हात पुढे केला तर नको म्हणाले. पुसता पुसता एवढंच बोलले, "माझ्या बापानं मला फडात असंच मारलं हुतं. मोळी नीट बांदता येत न्हाई म्हनून."

त्या आठवड्यात त्यांनी क्लासातली सगळी नवी मशीनं विकून टाकली. विकली ते ऐकून मला वाटलं, संपलं. पण दाजींचा मला फोन आला : श्रीगोंद्यात, कारखान्याच्या गोदामात, जुनी मशीनं पडली असतील का? जाड पडद्याची, पिवळी पडलेली? ज्या माणसाने आयुष्यात जुनी टाचणी जपली नाही तो भंगारवाल्यांच्या दारोदार फिरू लागला. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने लॅपटॉपच्याच पोटात ती पहिली विंडोज चालवून दाखवली. अक्काने लॅपटॉपकडे बघितलंही नाही. "ही पाटी कोणाची?" म्हणाली. तेव्हा दाजींनी हट्टच धरला. शेवटी गोदामातलं एक मशीन आणि राहुरीच्या भंगारातला एक पडदा जमला. माउस मी आणला, गोळ्याचा. त्या विद्यार्थ्याने चार सुट्ट्या त्यात घालवल्या, आणि एका सकाळी त्या काळ्या पडद्यावर दाजींनी तीन अक्षरं टाइप केली.

चौकटी उघडल्या. दौत, घड्याळ, सगळं जागच्या जागी. अक्का मागच्या खोलीतून भिंतीला धरून आली, पडदा बघून थांबली. मग भिंत सोडून चालत आली. खुर्चीत बसली, माउस उलटा केला, केसांतली पीन काढली आणि चाकांवरचा मळ खरवडू लागली. दाजी शेजारी उभे. माउस साफ करून तिने हात ठेवला आणि बाण सरळ दौतीवर गेला. तिने वळून दाजींकडे बघितलं. ओळख काहीच नव्हती त्या बघण्यात, पण भीतीही नव्हती. कितीतरी महिन्यांनी नव्हती.

"उभे का? बसा," ती म्हणाली. "नवीन ॲडमिशन ना?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्या शेजारच्या खुर्चीवर टोकाला बसले. "हो, मॅडम," म्हणाले.

"गाव कोणतं?"

"तिसगाव."

"लांबून येता हो. घाबरू नका. मनगट सैल सोडा. पोळी लाटता येते का? नाही? बरं, बघा माझ्याकडे."

त्या दिवसापासून रोज सकाळी दाजींची ॲडमिशन होई. रोज ती त्यांना गाव विचारी, रोज घरच्या माणसाने कडी वाजवावी तशी टिचकी मारायला शिकवी. दाजी मन लावून शिकत. पहिल्या पहिल्यांदा ते झरझर करून दाखवत. हुशार विद्यार्थ्याची हौस त्यांना आवरत नसे. एकदा त्यांनी पत्त्यांचा डाव एका दमात लावून दाखवला, तेव्हा अक्का खूश होऊन म्हणाली, "तुम्हाला आलं की सगळं. उद्यापासून नाही आलात तरी चालेल." दाजींनी ते मला त्याच रात्री फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला अर्थातच काही आठवत नव्हतं आणि नवी ॲडमिशन नेहमीसारखी झाली. पण दाजींनी धसका घेतला. तेव्हापासून ते सावकाश चुकू लागले. पत्ता मध्येच सोडून देत, माउस टेबलाच्या कडेला नेत. आणि ती न रागावता त्यांचा हात आपल्या हातात धरून बाण परत जागेवर आणी. लग्नाला इतकी वर्षं झाली, दाजी म्हणत, पण इतका वेळ तिचा हात हातात कधी नव्हता.

हे फार दिवस टिकलं असं नाही. विसरण्याने ती जुनी विंडोजही गाठली. आधी पत्ते गेले, मग टिचकी गेली. शेवटच्या थंडीत ती माउसवर नुसता हात ठेवून बसे. मग गिळायचं विसरली. डॉक्टरांनी नळी घातली ती तिने ओढून काढली. एका पहाटे गेली. दाजी रडले नाहीत. तिरडी जिन्यातून उतरवताना वळणावर अडली तेव्हा तेवढं ओरडले, "सावकाश! तिला जिना दिसत न्हाई!"

वर्षश्राद्धाला मी गेलो. जेवणं उरकली, माणसं पांगली. दाजी मला सोडायला स्टेशनवर आले. दौंडकडची गाडी उशिरा होती. बाकावर बसल्यावर ते आपणहून बोलू लागले, छापील मराठीत, जरा थांबत थांबत.

"शिकवून झालं की ती मला विचारायची. घरी कोण असतं तुमच्या? मी सांगायचो, बायको असते. स्वभावाला कशी आहे? मी म्हणायचो, चांगली आहे. माझ्यापेक्षा हुशार आहे. मग ती हसायची. म्हणायची, अहो मग इथे काय बसलाय? जा की लवकर. वाट बघत असेल ती."

"मग?" मी विचारलं.

"मग जायचो. मॅडमनी सांगितल्यावर जायला नको? पुढच्या जिन्याने उतरायचो. इथवर यायचो, या बाकापर्यंत. जरा बसायचो आणि बोळातून मागच्या जिन्याने वर जायचो. कडी वाजवायची. आलो गं, म्हणायचं. रोज नाही, पण कधी कधी ओळखायची, पाहुणे. दार उघडून म्हणायची, किती उशीर केलात! चहा दोनदा गरम केला मी."

गाडी आली. मी चढलो, जागा मिळाली, खिडकीपाशी आलो. दाजी फलाटावर उभे होते. "तुम्ही निघा आता," मी म्हणालो, "ऊन लागेल." त्यांनी मान हलवली. पण गाडी हलली तेव्हा ते बाकाकडेच वळले, आणि बसले. थोडा वेळ बसून, मग बोळातून जातील, हे मला ठाऊक होतं.